अडवणाऱ्याने दाखवायलाही हवे

इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी तीन वाजता सुरू होणारा प्रीमियर लीगचा फुटबॉल सामना पुण्यातला वर्गणीदार आपल्या फोनवर थेट पाहू शकतो; ज्या मैदानावर तो खेळला जातो त्याच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या माणसाला मात्र तो दूरचित्रवाणीवरही दिसत नाही आणि फोनवरही नाही. शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात त्या देशात फुटबॉलच्या थेट प्रक्षेपणाला बंदी असते. १९६० च्या दशकात बर्न्ली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी हा आग्रह धरला आणि तो मान्य झाला. मोठे सामने घरबसल्या दिसू लागले तर खालच्या विभागांतल्या लहान क्लबांची तिकिटे कोण घेणार, हा त्यामागचा प्रश्न होता. तिथे शिकायला गेलेल्या मराठी मुलाला नाशिकच्या भावाला फोन लावून ‘स्कोअर काय झाला’ असे विचारावे लागते, कारण सामना त्याच्या गावात चालू असला तरी चित्र नाशिकला पोहोचलेले असते.

ही बंदी मला विचित्र वाटते, पण अन्यायाची वाटत नाही. तिचे कारण जाहीर आहे, तिची वेळ अडीच तासांपुरती मर्यादित आहे आणि तिचा लाभ कोणाला मिळावा ही अपेक्षाही सर्वांना ठाऊक आहे. ते कारण आज कितपत टिकते याविषयी वाद घालता येईल. अमेरिकेत एनएफएल या लीगने सामन्याच्या ७२ तास आधी सगळी तिकिटे संपली नाहीत तर त्या शहराच्या परिसरात सामना दाखवायचाच नाही, असा नियम १९७३ पासून चालवला होता. तिथल्या केंद्रीय दळणवळण आयोगाने २०१४ मध्ये त्या नियमाला असलेला सरकारी आधार काढून घेतला, लीगने २०१५ मध्ये नियमच बाजूला ठेवला, आणि मैदाने ओस पडली नाहीत. तरीही या दोन्ही बंद्यांविषयी निदान बोलता येते, कारण बोलण्यासारखे काहीतरी समोर ठेवलेले असते. फोनवर ‘हा कार्यक्रम तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही’ अशी जी ओळ उमटते, तिच्यामागचे कारण पाहणाऱ्याला कोणी सांगत नाही, आणि खोलात गेल्यास असे दिसते की पुष्कळदा सांगण्यासारखे कारण उरलेलेच नसते.

अमेरिकेतल्याच आयोवा राज्याचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वोच्च लीगमधला एकही संघ त्या राज्यात नाही. तरीही शिकागोचे दोन आणि सेंट लुइस, मिनेसोटा, कॅन्सस सिटी व मिलवॉकी यांचा प्रत्येकी एक, अशा सहा संघांनी आयोवा आपल्या ‘घरच्या’ प्रदेशात धरले. घरच्या प्रदेशातल्या माणसाने आपला संघ स्थानिक केबल वाहिनीवरच पाहावा, लीगच्या इंटरनेट सेवेवर पाहू नये, असा करार होता. त्यामुळे लीगची पूर्ण वर्गणी भरूनही आयोवाच्या रहिवाशाला वर्षानुवर्षे या सहाही संघांचे सामने बंद मिळत, आणि ज्या वाहिन्यांवर ते पाहायचे त्यांपैकी सगळ्या त्याच्या गावच्या केबलवर असतच असे नाही. संघाने प्रदेशावर दावा सांगितला, वाहिनीने दावा विकत घेतला, आणि त्या प्रदेशात चित्र पोहोचवण्याचे काम मात्र कोणाच्याच माथी नव्हते.

माझे म्हणणे एवढेच आहे की हे दोन हक्क वेगळे विकता येऊ नयेत. एखाद्या प्रदेशात इतरांना दाखवण्यापासून अडवण्याचा अधिकार ज्याला हवा असेल, त्याने तिथल्या प्रेक्षकाला ते चित्र परवडेल अशा दरात आणि तो ज्या साधनावर पाहतो त्या साधनावर दाखवण्याची जबाबदारीही उचलली पाहिजे. ती उचलायची नसेल तर त्या प्रदेशापुरता अडवण्याचा अधिकार संपावा. प्रदेशबंदी समूळ उखडून टाकावी असे मी म्हणत नाही. का म्हणत नाही, ते पुढे येईलच.

प्रक्षेपणाला सीमा असणे ही काही नवी गोष्ट नाही. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले, पुढच्या वर्षी सिंहगडावर सहप्रक्षेपण केंद्र उभे राहिले आणि मुंबईचे कार्यक्रम पुण्यात दिसू लागले. सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांतल्या गावांना त्यानंतरही बरीच वर्षे अँटेना कितीही उंच बांधला तरी पडद्यावर मुंग्याच दिसत. तिथे अडवत होता तो डोंगर, आणि डोंगराशी भांडण करता येत नाही. पुढे उपग्रह आले. उपग्रहाच्या प्रक्षेपणाचा पट्टा देशाची सीमा पाहून थांबत नसल्याने आखाती देशांतल्या गच्च्यांवर भारतीय डीटीएचच्या तबकड्या लागल्या आणि तिथल्या अधिकाऱ्यांनी त्या बेकायदा म्हणून उतरवल्याही. म्हणजे तंत्राने ओलांडलेली सीमा कायद्याने पुन्हा आखली. फोनच्या बाबतीत याच्या पुढची पायरी गाठली गेली. इंटरनेटवरून येणाऱ्या चित्राला ना डोंगर आडवा येतो ना उपग्रहाचा पट्टा. जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात ते सारख्याच सहजतेने पोहोचू शकते, आणि म्हणूनच ते न पोहोचावे यासाठी मुद्दाम यंत्रणा उभारावी लागते. फोनला मिळालेला आयपी पत्ता कोणत्या देशातल्या कंपनीला दिलेल्या गटातला आहे याच्या याद्या ठेवल्या जातात. त्याच्या जोडीला जीपीएसने कळणारी जागा, सिमकार्डाचा देश, ॲप ज्या देशाच्या स्टोअरमधून उतरवले तो देश आणि पैसे भरलेल्या कार्डाचा देश हेही ताडून पाहता येते. सिंहगडावरच्या मनोऱ्याला आपले चित्र कोणी पाहिले हे कधीच कळत नव्हते. आज पाहणाऱ्याला आधी आपण कोण आणि कुठे उभे आहोत हे सिद्ध करावे लागते, आणि या बदलाची जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी आपल्याकडे झालेली नाही.

आपल्या देशात हा प्रश्न मनोरंजनाच्या अंगाने फारसा पुढे आला नाही. तो आला क्रिकेटच्या अंगाने. १९९३ च्या हीरो कपच्या प्रक्षेपणावरून बंगाल क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांच्यात वाद झाला आणि ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर जो निकाल दिला, तो आजही या विषयाचा पाया आहे. न्या. पी. बी. सावंत यांनी लिहिलेल्या मुख्य निकालपत्राने हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले आणि माहिती देण्याइतकाच ती मिळवण्याचा हक्कही अभिव्यक्तिस्वातंत्र्यात येतो हे मान्य केले. प्रक्षेपणावर सरकारचा एकाधिकार नाही, हा त्या निकालाचा भाग खासगी वाहिन्यांना फार उपयोगी पडला. पाहणाऱ्यालाही हक्क आहे, हा भाग मात्र त्या मानाने कमी आठवला जातो.

त्यानंतर बारा वर्षांनी, जानेवारी २००७ मध्ये, वेस्ट इंडिजचा संघ भारतात आला तेव्हा प्रक्षेपणाचे हक्क निंबस या कंपनीकडे होते आणि दूरदर्शनला थेट चित्र देण्याची तिची तयारी नव्हती. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि दूरदर्शनने सात मिनिटे उशिरा दाखवावे, अशी तडजोड निघाली. रेडिओ हातात धरून दूरदर्शन पाहणाऱ्याला बाद झालेला फलंदाज सात मिनिटे खेळताना दिसावा, ही व्यवस्था फार काळ टिकणारी नव्हतीच. फेब्रुवारीत सरकारने अध्यादेश काढला आणि त्याचाच पुढे कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचे थेट चित्र हक्कधारकाने आपल्या जाहिरातींशिवाय दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यायचे, प्रसार भारतीने ते आपल्या भूप्रक्षेपणावर, म्हणजे मनोऱ्यावरून घरच्या अँटेनापर्यंत जाणाऱ्या प्रक्षेपणावर, आणि आपल्या डीटीएच सेवेवर दाखवायचे, आणि त्यातून मिळणाऱ्या जाहिरातींच्या उत्पन्नातले किमान ७५ टक्के हक्कधारकाला परत द्यायचे, अशी त्याची रचना आहे. हा कायदा खासगी मालमत्ता फुकट लुटतो, असा आरोप अधूनमधून होतो, पण हे प्रमाण पाहिले की त्यात फारसा अर्थ उरत नाही.

आता या कायद्याच्या शब्दांकडे नीट पाहावे. चित्र वाटून घेण्याचे बंधन लागू होते ते हक्कधारक ‘केबल किंवा डीटीएच’ जाळ्यावर थेट प्रक्षेपण करतो तेव्हा, आणि ते चित्र प्रसार भारतीला दाखवता येते ते भूप्रक्षेपणावर आणि स्वतःच्या डीटीएचवर. २००७ मध्ये हे शब्द पुरेसे होते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा अर्थ काटेकोरपणे लावला आणि असे ठरवले की प्रसार भारतीला मिळालेले चित्र खासगी केबल व डीटीएचवरून पुढे जाऊ देता येणार नाही. म्हणजे दूरदर्शनची वाहिनी केबलवर दाखवणे केबलचालकाला बंधनकारक आहे, पण त्या वाहिनीवर सामना लागला की केबलच्या घरात दुसरेच काहीतरी दिसावे, अशी स्थिती आली. निकाल कायद्याच्या अक्षराला धरून होता, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. चूक कायदा लिहिणाऱ्यांची होती. सरकारने २०१८ मध्ये दुरुस्तीचा मसुदा पुढे आणला, तो मसुदाच राहिला. मधल्या काळात प्रसार भारतीने मोक्याची काही ठिकाणे सोडून जुनी ॲनालॉग भूप्रक्षेपण केंद्रे मार्च २०२२ पर्यंत बंद केली. कायद्याने सांगितलेल्या दोन वाटांपैकी एक अशी जवळपास बुजली. जी उरली ती प्रसार भारतीच्या डीटीएच सेवेची, म्हणजे डीडी फ्री डिशची, तबकडी, आणि ज्याच्या छपरावर ती आहे त्याच्यापुरताच हा कायदा आज जिवंत आहे.

याच काळात देशातला प्रेक्षक फोनकडे वळला. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादला झालेला विश्वचषकाचा अंतिम सामना एका ॲपवर एका क्षणी ५.९ कोटी ठिकाणी पाहिला जात होता. त्या स्पर्धेचे प्रक्षेपण फोनवर विनामूल्य ठेवले होते, त्याच वर्षीची आयपीएलही दुसऱ्या ॲपवर विनामूल्य होती, आणि पुष्कळांना वाटले की आता हा प्रश्न सुटलाच. प्रत्यक्षात त्या दोन कंपन्यांमधली ती स्पर्धा होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्ही ॲप एक झाली आणि त्या हंगामापासून आयपीएल फोनवर पूर्ण पाहण्यासाठी वर्गणी किंवा ठरावीक रिचार्ज लागू लागले. त्यात गैर काही नाही; आयपीएल ही खासगी स्पर्धा आहे, तिचे चित्र विकण्याचा मालकाला हक्क आहे. परंतु भारताचा संघ विश्वचषकाचा अंतिम सामना खेळत असतो तेव्हा तो सामना सरकारनेच राष्ट्रीय महत्त्वाचा ठरवलेला असतो, आणि राष्ट्रीय महत्त्व तबकडीपाशी सुरू होऊन फोनपाशी कसे संपते, याचे उत्तर कायद्यात मिळत नाही. वांद्र्याला भाड्याच्या खोलीत चौघांत राहणाऱ्या कामगाराकडे तबकडी बसवायला छप्पर नसते, गावी त्याच्या आईकडे ती असते. आईला सामना हक्काने दिसतो, मुलाला कोणाच्या तरी व्यापारी निर्णयावर अवलंबून राहून दिसतो.

याहून अवघड प्रसंग अजून यायचा आहे. एखाद्या हक्कधारकाने भारताचे सामने केबलवर आणि डीटीएचवर दाखवलेच नाहीत, केवळ ॲपवर दाखवले, तर बंधन लागू होण्याची अटच पूर्ण होत नाही. २०२२ मध्ये भारतीय संघ वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर गेला तेव्हा हक्क फॅनकोड या इंटरनेट सेवेकडे होते आणि दूरचित्रवाणीवर ते सामने डीडी स्पोर्ट्सने दाखवले. त्या वेळी प्रेक्षकाचे नुकसान झाले नाही. पुढच्या वेळी होणार नाही याची हमी कायद्याच्या अक्षरात तरी नाही.

प्रक्षेपक कंपन्यांची बाजू यावर काय असेल हे उघड आहे, आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांसाठी आयपीएलचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. त्यात भारतीय उपखंडातल्या दूरचित्रवाणीचा वाटा २३,५७५ कोटींचा होता आणि डिजिटलच्या मुख्य संचाचा २०,५०० कोटींचा. एवढी रक्कम कोणी मोजतो ती ‘दुसरा कोणी दाखवणार नाही’ या एका वाक्यासाठीच. ते वाक्य काढून घेतले तर बोली कोसळेल, आणि त्या पैशांतून चालणारे रणजीचे सामने, राज्य संघटनांची मैदाने, महिला क्रिकेटपटूंचे मानधन यांनाही झळ लागेल. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की प्रदेशानुसार हक्क विकता येतात म्हणूनच भारतीय प्रेक्षकाला भारतीय दर मिळतो. जगभर एकच सेवा आणि एकच किंमत झाली तर ती लंडनच्या खिशाला पाहून ठरेल, लातूरच्या नव्हे. प्रदेशबंदी समूळ नको असे जे म्हणतात, त्यांनी या प्रश्नाचे उत्तर दिलेले मी वाचलेले नाही. मला ते देता येत नाही, म्हणून मी त्यांच्या बाजूला नाही.

पण बोली कोसळेल या भीतीची परीक्षा भारतात एकदा होऊन गेली आहे. २००७ च्या कायद्यानंतर भारतातल्या आंतरराष्ट्रीय सामन्यांचे चित्र दूरदर्शनला द्यावे लागणार हे माहीत असूनही २०१८ मध्ये पाच वर्षांचे हक्क सुमारे ६,१३८ कोटींना गेले, आणि २०२३ मध्ये कमी सामन्यांसाठी सुमारे ५,९६० कोटींना. दर सामन्यामागे पाहिले तर रक्कम साठ कोटींच्या आसपासची सदुसष्ट कोटींच्या पुढे गेली. विनामूल्य दिसणारी वाट शेजारी असूनही माणसे पैसे मोजतात, कारण त्यांना मराठी समालोचन हवे असते, चांगले चित्र हवे असते, मागे जाऊन पुन्हा पाहण्याची सोय हवी असते. राष्ट्रीय महत्त्वाच्या मोजक्या सामन्यांपुरती प्रसार भारतीला आपल्या ॲपवरून दाखवण्याची मुभा दिली, आणि जाहिरातींचा तोच ७५ टक्के वाटा हक्कधारकाकडे जाऊ दिला, तर किंमत काही प्रमाणात उतरेल हे मी मान्य करतो. तेवढी उतरावी, असे माझे मत आहे. ज्या खेळाला राष्ट्राचे नाव वापरायला मिळते त्याने राष्ट्राला तेवढे द्यायला हरकत नसावी. ॲपचीही वाण नाही. २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात प्रसार भारतीने ‘वेव्ह्ज’ हे स्वतःचे व्यासपीठ सुरू केले आहे आणि त्यावर थेट वाहिन्या दिसतात. कायद्याने त्याला दार उघडून दिलेले नाही, एवढेच.

इंटरनेटवाचूनही फोनवर दूरचित्रवाणी दिसू शकते, हे इथे सांगायला हवे. दूरदर्शनने २०१६ मध्ये मुंबई व औरंगाबादसह सोळा शहरांत फोनला छोटा डोंगल जोडून वाहिन्या पाहण्याची सोय केली होती. डोंगल घेऊन फिरणारे फार कोणी भेटले नाही. आता फोनच्या आतच ग्रहणाची चिप बसवून मनोऱ्यावरून थेट चित्र पोहोचवण्याचे प्रयोग आयआयटी कानपूर आणि बंगळुरूच्या सांख्य लॅब्ज यांच्या तंत्रावर झाले आहेत. या पद्धतीत पाहणारे दहा असोत की दहा लाख, मनोऱ्याचा खर्च तोच राहतो. इंटरनेटवर मात्र प्रत्येक फोनला वेगळा प्रवाह पाठवावा लागतो आणि प्रेक्षकाचा दिवसभराचा डेटा एका सामन्यात संपू शकतो. दूरसंचार कंपन्या आणि फोन उत्पादक या तंत्राला अनुकूल नाहीत, आणि त्यांचे आर्थिक कारण समजण्यासारखे आहे. कायद्याच्या दृष्टीने मात्र यात एक गंमत आहे: अशा मनोऱ्यावरून गेलेले चित्र भूप्रक्षेपणच ठरेल, आणि २००७ च्या कायद्याची बुजलेली वाट, शब्दही न बदलता, थेट फोनपर्यंत पोहोचेल.

देशाबाहेरचा भाग वेगळा आहे, कारण तिथे भारतीय कायदा पोहोचत नाही. पोहोचतो तो विकणाऱ्याचा करार. मराठी माणसाच्या दृष्टीने तिथले चित्र मोठे विचित्र दिसते. मराठी वृत्तवाहिन्या यूट्यूबवर थेट आणि विनामूल्य पाहता येतात, मग पाहणारा न्यू जर्सीत असो की मॉरिशसला, कारण वाहिनीने बातमी स्वतः तयार केलेली असते आणि जाहिरातीचे चार पैसे तिला कुठूनही मिळाले तरी चालतात. मालिका, चित्रपट आणि सामने मात्र बंद दिसतात, कारण चित्रपटाचे किंवा त्यातल्या गाण्यांचे हक्क वाहिनीने भारतापुरतेच घेतलेले असतात, किंवा परदेशासाठी ते दुसऱ्या कोणाला विकलेले असतात. विकलेले असतील तर ज्याने घेतले त्याच्याकडे जाऊन पैसे भरावेत, त्यात तक्रार कसली. खरी अडचण न विकलेल्या प्रदेशाची आहे. जिथे मराठी भाषक काही शे किंवा काही हजार आहेत अशा देशासाठी मराठी वाहिन्यांचा संच घ्यायला कोणी व्यापारी पुढे येत नाही. इस्रायलमध्ये पिढ्यान्‌पिढ्या मराठी जपणारे बेने इस्रायली हे अशा विखुरलेल्या, लहान समाजाचे उदाहरण. असा प्रेक्षक पैसे देऊ पाहतो, पण घेणारा कोणी नसतो, आणि तरीही त्याला अडवण्याची यंत्रणा मात्र चोवीस तास कामावर असते. त्यातून कोणाचा काय फायदा होतो हे मला आजवर समजलेले नाही. आयपीएलच्या त्याच विक्रीत उपखंडाबाहेरच्या साऱ्या जगाचे हक्क सुमारे १,०५८ कोटींना गेले, म्हणजे शंभर रुपयांतले दोन-सव्वादोन रुपये. ज्या देशांसाठी त्यातही कोणी बोली लावत नाही, तिथले कुलूप काढल्याने कोणाची तिजोरी रिकामी होणार आहे?

हे करता येते, आणि करून पाहिलेलेही आहे. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषद ज्या देशांत तिचे हक्क कोणी घेतलेले नाहीत तिथे आपल्या स्वतःच्या आयसीसी टीव्ही या सेवेवरून सामने दाखवते. प्रवासी वर्गणीदाराचा प्रश्न युरोपीय संघाने १ एप्रिल २०१८ पासून मार्गी लावला: आपल्या देशात पैसे भरून घेतलेली सेवा संघातल्या दुसऱ्या देशात तात्पुरते गेल्यावरही तशीच दिसली पाहिजे, असा नियम तिथे आहे. त्याआधी २०११ मध्ये युरोपीय न्यायालयाने पोर्ट्समथच्या पबचालक कॅरन मर्फी यांच्या खटल्यात ग्रीसमधल्या वाहिनीचे सामने उघडणारे डीकोडर कार्ड इंग्लंडमध्ये वापरण्याला सरसकट बंदी घालता येणार नाही असे ठरवले होते, मात्र त्याच निकालाने पबमध्ये लोकांना दाखवताना चित्रातल्या स्वामित्वहक्काच्या गोष्टींसाठी परवानगी लागेल हेही सांगितले. युरोपला एक बाजारपेठ घडवायची होती, आपल्याला ते कारण नाही, म्हणून मर्फी निकालाचे उदाहरण मी फार ताणणार नाही. प्रवासाचा नियम मात्र जशाच्या तसा घेण्यासारखा आहे. पुण्यातून आठ दिवसांसाठी दुबईला गेलेल्या वर्गणीदाराने वर्षभराचे पैसे आधीच भरलेले असतात, आणि विमान उतरल्याबरोबर त्याची वर्गणी निरुपयोगी होते.

मग तो काय करतो, हे सर्वांना माहीत आहे. तो व्हीपीएन, म्हणजे आपण दुसऱ्याच देशात आहोत असे भासवणारी सेवा, लावतो, किंवा कोणीतरी पाठवलेल्या टेलिग्रामच्या दुव्यावर जातो. स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ मध्ये आलेल्या कलम ६५अ ने संरक्षक तांत्रिक उपाय हक्कभंगाच्या हेतूने ओलांडणे गुन्हा ठरवले आहे. पैसे भरलेल्या माणसाने आपलेच चित्र दुसऱ्या देशात पाहणे त्यात बसते की नाही यावर वकील दोन्ही बाजूंनी बोलू शकतील. एप्रिल २०२२ मध्ये केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएन सेवांना ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षे जपण्याचे आदेश दिले, तेव्हा काही मोठ्या सेवांनी भारतातले आपले सर्व्हर हलवले. चोरट्या दुव्यांवर प्रक्षेपक कंपन्या न्यायालयातून बंदी आणतात आणि ते योग्यच आहे. पण पैसे देऊ इच्छिणारा ग्राहक आणि चोर या दोघांना एकाच वाटेवर ढकलणारी व्यवस्था चोराच्या फायद्याची असते, हे त्यांच्या हिशेबनिसांना तरी दिसायला हवे.

योगायोगाने आता वेळही जुळून आली आहे. आयपीएलचे चालू हक्क २०२७ च्या हंगामाबरोबर संपतात, आंतरराष्ट्रीय परिषदेच्या स्पर्धांचे भारतातले हक्कही २०२७ अखेर संपतात, आणि भारतातल्या मायदेशी सामन्यांचे मार्च २०२८ मध्ये. नव्या निविदा निघतील तेव्हा क्रिकेट नियामक मंडळाला त्यात दोन अटी घालता येतील. विकत घेतलेल्या प्रदेशात ठरावीक मुदतीत कायदेशीर सेवा सुरू झाली नाही तर तो प्रदेश मंडळाकडे परत यावा आणि मंडळाने तिथे स्वतः दाखवावे, ही एक. आणि भारतीय वर्गणीदाराला परदेशात काही आठवडे आपली सेवा पाहता यावी, ही दुसरी. यांपैकी कशासाठीही संसदेची गरज नाही. तिची गरज आहे ती २००७ च्या कायद्यासाठी, आणि तिथेही नवा कायदा लिहावा लागणार नाही. कलम तीनमध्ये बंधन लागू करणाऱ्या ‘केबल किंवा डीटीएच’ या शब्दांपुढे इंटरनेटचा, आणि प्रसार भारतीला दिलेल्या वाटांच्या यादीत तिच्या स्वतःच्या इंटरनेट सेवेचा उल्लेख आला की पुरे. २०१८ चा मसुदा मंत्रालयाच्या कपाटात अजून असेलच. तो काढताना एवढी भर त्यात घालावी.